जावयाने भरलेली दाढ

सावळीराम आहेरांची वरची डावी दाढ दुखत नव्हती. हे घरात ठरलं होतं, आणि जावई स्वतः दातांचा डॉक्टर असल्यामुळे ते वैद्यकीयदृष्ट्याही ठरलं होतं. फक्त दाढेला ते कुणी कळवलं नव्हतं.

सावळीराम म्हणजे नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, बॉयलर विभागात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. जेल रोडला छोटं रो-हाउस, अंगणात कढीपत्त्याचं झाड, घरात लंकाबाई. एकुलती एक मुलगी हर्षाली दातांची डॉक्टर झाली आणि वर्गातल्याच रुद्र देवरेशी तिचं लग्न झालं. दोघांचा गंगापूर रोडला दवाखाना होता. दवाखाना म्हणायची मात्र सोय नव्हती. पाटीवर ‘देवरे डेंटल लाउंज’ असं होतं. आत शिरलं की आधी कॉफीचं मशीन, मग प्लॅस्टिकच्या गवताची भिंत, मग सेल्फी काढायला दाढेच्या आकाराची खुर्ची, आणि एवढं सगळं पाहून वेळ उरलाच तर दातही दाखवता येत. रुद्र तिथे रूट कॅनल करायचा. हर्षालीकडे लहान मुलांचे दात, फोन, अपॉइंटमेंट आणि इन्स्टाग्राम ही खाती होती. डिग्री दोघांची एकच, मार्क हर्षालीला जास्त, आणि पाटीवर तिचं नाव इतक्या बारीक अक्षरात की ते वाचायला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागलं असतं.

मागच्या दिवाळीनंतर सावळीरामांची दाढ किडली, तेव्हा रुद्रला झालेला आनंद लपत नव्हता.

“पप्पा, दुसऱ्या कुणाकडे जायचा विचारही करू नका. एका बैठकीत करून टाकतो. पस्तीस मिनिटं!”

आणि खरोखरच पस्तीस मिनिटांत केली. अर्थात त्यातली काही मिनिटं दिव्याची जागा ठरवण्यात गेली, कारण सगळ्याचा व्हिडिओ निघत होता. सावळीराम आ वासून पडले होते, हर्षाली बाजूला उभी राहून थुंकी ओढणारी नळी धरत होती, आणि रुद्र दाढेकडे पाहत अधूनमधून कॅमेऱ्याकडेही पाहत होता. मध्येच हर्षाली हळू आवाजात काहीतरी म्हणाली. रुद्र म्हणाला, “नंतर.” मग कॅप बसली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सावळीरामांना अंगठा वर करून हसायला सांगितलं. अर्धं तोंड बधीर होतं, त्यामुळे त्यांनी उरलेलं अर्धं हसून दाखवलं.

तो फोटो पुढे फार लांबवर गेला. लाउंजच्या काचेवर गेला, व्हॉट्सॲपवर गेला, आणि शेवटी शहरातल्या चाळीस-पन्नास रिक्षांच्या पाठीवर जाऊन बसला. खाली ओळ होती : ‘सासऱ्यांचा विश्वास, हाच आमचा ध्यास.’ द्वारकेच्या चौकात सिग्नलला थांबलं की सावळीराम स्वतःलाच अर्धवट हसताना पाहत. भाजीवाल्या विमलाबाईंनी तर त्यांना विचारलं होतं, “अहो आहेर, तुम्ही इलेक्शनला उभे राहिलात काय?”

अशा दाढेला दुखण्याचा अधिकार कुठून असणार?

पण फेब्रुवारीत ती दुखली. आधी नुसती ठणठण, मग डाव्या बाजूने भाकरी चावली की कळ थेट कानापर्यंत. मार्चमध्ये दाढेच्या वर, हिरडीवर, बाजरीच्या दाण्याएवढी पुळी आली. ती फुटायची, तोंडात घाणेरडी चव यायची, दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा भरायची.

रविवारी लेक-जावई जेवायला आले, तेव्हा सावळीरामांनी विषय काढला. फार नाजूक हाताने काढला. “रुद्रराव, ती दाढ जरा... म्हणजे काम उत्तमच झालंय, पण चावताना थोडं...”

रुद्र मोठ्या प्रेमाने हसला. “पप्पा, आपण नसच काढून टाकलीये. नस नाही तर दुखणार काय? रूट कॅनल केलेला दात दुखूच शकत नाही.”

“पण दुखतंय.”

“तसं वाटतं. रिटायरमेंटनंतर बऱ्याच जणांना होतं हे. माणूस रिकामा असला की शरीराकडे फार लक्ष जातं.”

लंकाबाईंनी जावयाच्या ताटात तिसरी पुरणपोळी घातली आणि नवऱ्याकडे असा काही डोळा केला की नस काढलेली असती तरी तो झोंबला असता. हर्षाली वरणात मान घालून बसली होती. तिने एकदा बापाच्या गालाकडे पाहिलं आणि मीठ मागितलं. मीठ तिच्या हाताशीच होतं.

पुढचे दोन महिने दाढेवर सगळे उपचार झाले, एक दाढेचा सोडून. रुद्रने व्हॉट्सॲपवर गोळ्यांची नावं पाठवली. एक कोर्स झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. गोळ्या चालू असल्या की पुळी बसायची, बंद झाल्या की आठवड्यात परत उठायची. नाकाचा सायनस असेल म्हणून वाफ झाली. ब्लडप्रेशर असेल म्हणून मीठ कमी झालं. मन गुंतवावं म्हणून लंकाबाईंनी त्यांना हास्य क्लबात धाडलं. तिथे रोज सकाळी सात वाजता, सुजलेल्या हिरडीनिशी, तोंड उघडून हा-हा-हा करावं लागे. घरी आल्यावर लंकाबाई लवंगेच्या तेलाचा बोळा तयार ठेवत.

“लावा गुपचूप. आणि जावईबापूंना सारखं सारखं सांगू नका. त्यांचं मन दुखतं.”

“म्हणजे दुखायची परवानगी फक्त त्यांच्या मनाला आहे,” सावळीराम म्हणाले आणि बोळा दाढेखाली धरला.

गोष्ट फुटली ती मे महिन्यात, देवळ्याला. भाचीचं लग्न होतं. मांडवात रुद्र सावळीरामांच्या शेजारीच बसला होता, आणि आजूबाजूचे पाहुणे एकेक करून येऊन त्याला आपापले जबडे उघडून दाखवत होते. पंगतीत कुणीतरी सावळीरामांच्या पानात कुरडई टाकली. रुद्र चार लोकांत मोठ्याने म्हणाला, “खा पप्पा, बिनधास्त खा! दाखवा यांना आपलं काम!”

सावळीरामांनी दाखवलं. डाव्या दाढेखाली कुरडई कडकन मोडली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्यांनी उजव्या हाताचा अंगठा वर केला. सवयच झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाल लिंबाएवढा सुजला. त्यांची बहीण फुलाबाई चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. “दादा, तुना गाल भलता सुजेल शे! आनि जवाई डाक्टर शे ना तुना?”

“शे ना,” सावळीराम म्हणाले, “म्हणीसन तर सुजेल शे.”

नाशिकला परतल्यावर त्यांनी घरात काही न सांगता रहेमान मिस्त्रीला फोन केला. रहेमान एकलहऱ्यात बॉयलरच्या नळ्या जोडणारा वेल्डर, आता तोही निवृत्त. बत्तीस वर्षांत त्या दोघांनी मिळून जेवढ्या गळक्या नळ्या शोधल्या होत्या, तेवढे दात नाशकातल्या कुठल्याही डॉक्टरने पाहिले नसतील. नळी गळतेय की नाही यावर तिथे कधी मतभेद झाले नव्हते. पाणी खाली दिसलं की गळतेय, एवढं साधं होतं. नळीच्या मनाचा खेळ चाललाय, असं कुणी म्हणालं नव्हतं.

“माझी पुतणी आहे ना, निलोफर,” रहेमान म्हणाला. “रूट कॅनलचंच वेगळं शिकलीये, तीन वर्षं. सारडा सर्कलजवळ, गादीच्या दुकानावर. पण यार सावळी, तुझा दामाद...”

“तो दुखत नाही म्हणतो.”

“अच्छा. मग तू जा.”

डॉ. निलोफरच्या दवाखान्यात कॉफी नव्हती. एक बाक, एक पंखा, आणि आतल्या खोलीत छताला टांगलेली, उंटाच्या मानेसारखी वाकणारी मोठी दुर्बीण. सावळीरामांनी बाहेर नाव सांगितलं, ‘पुंजाराम’. आडनाव ठरवायचं राहून गेलं होतं, म्हणून विचारल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत ‘पवार’ असं सांगितलं.

निलोफर पस्तिशीची असेल. तिने खुर्ची मागे केली, दिवा लावला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबली.

“पुंजाराम काका, तुम्ही द्वारकेला रिक्षांच्या मागे असता ना?”

सावळीरामांनी डोळे मिटून घेतले. “जावई आहे,” ते म्हणाले.

“बरं. मला काही सांगू नका. मी दुसऱ्याच्या कामावर बोलत नसते. स्कॅन काढू, तो बोलेल.”

स्कॅन भरपूर बोलला. पडद्यावर त्यांची दाढ काप-काप करून दिसत होती, कांदा चिरल्यासारखी. निलोफरने पेनाच्या टोकाने दाखवलं.

“ही तीन मुळं. या पांढऱ्या रेघा म्हणजे भरलेल्या नळ्या. एक, दोन, तीन. चांगल्या भरल्यात, खोटं कशाला बोलू? आता इथे बघा. या पुढच्या मुळात दोन नळ्या आहेत. एक भरली. शेजारची ही काळी बारीक रेघ, ही चौथी. हिला कुणी हातही लावलेला नाही. आणि मुळाच्या टोकाला हा काळा डाग दिसतोय ना? तिथलं हाड गेलंय.”

“कुणी नेलं?”

“जीवाणूंनी. म्हणजे त्यांच्याशी लढता लढता तुमच्याच शरीराने. तोंडात शेकडो जातींचे जीवाणू असतात, काका. एरवी आपलं त्यांचं बरं चाललेलं असतं. पण न साफ केलेल्या नळीत काही चिवट जाती राहतात. एंटरोकॉकस फीकॅलिस म्हणून एक आहे, ती तर महिनोन्महिने उपाशी राहते आणि मरत नाही. तुमच्यात तीच आहे असं तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही, पण फसलेल्या रूट कॅनलमध्ये ती पुष्कळदा सापडते. खरं तर ती आतड्यात राहणारी.”

सावळीराम जरा सरळ बसले. “आतड्यातली? म्हणजे संडासातली?”

“मी आतडं म्हणाले.”

“आणि मी एवढ्या गोळ्या खाल्ल्या त्या?”

“गोळीचं औषध रक्तातून जातं. या दाढेत आता रक्तच जात नाही, नस काढलीये ना. त्यामुळे बाहेरची सूज बसते आणि आतली मंडळी तशीच राहते.”

दोन-तीन महिने जे वाक्य त्यांच्या तोंडावर मारलं जात होतं, त्याचा दुसरा अर्धा भाग त्यांना आत्ता ऐकायला मिळाला.

“दाढ वाचेल?”

“उघडून पाहू. कॅप काढायची, जुनं भरण काढायचं, चौथी नळी शोधायची, धुवायची, औषध ठेवून दोन आठवडे थांबायचं, मग भरायचं. वाचेल असं वाटतं. खात्री देत नाही.” मग तिने पेन पुन्हा पडद्यावर ठेवलं. “आणि या तिसऱ्या नळीच्या टोकाशी काहीतरी चमकतंय. भरण आहे की आत मोडलेली सुई, ते पहिल्या वेळचे एक्स-रे पाहिले तर कळेल. ते मिळतील का?”

एक्स-रे होते लाउंजच्या कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटर होता हर्षालीच्या ताब्यात.

ती दोन दिवसांनी कढीपत्ता न्यायला आली, तेव्हा लंकाबाई भिशीला गेल्या होत्या. सावळीराम अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी बरीच प्रस्तावना तयार केली होती, कुणा मित्राला बघायचेत वगैरे, पण लेकीचा चेहरा पाहून ती विसरले आणि सरळ म्हणाले, “माझ्या दाढेचे एक्स-रे हवेत. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचेत.”

हर्षालीने तोडलेली डहाळी हातात तशीच धरली. “काय म्हणाली ती डॉक्टर?”

“ती? बाई आहे हे तुला कोणी सांगितलं?”

“रहेमान काकांनी मला फोन केला होता. त्यांना राहवलं नाही.” ती पायरीवर बसली. “चौथी नळी राहिली म्हणाली ना?”

सावळीरामांनी मान हलवली.

“मला तेव्हाच दिसलं होतं, पप्पा. थुंकीची नळी धरून उभी होते ना, आत तळाला बारीकसा ठिपका दिसला. मी रुद्रला म्हटलं, इथे अजून एक आहे बहुतेक. तो म्हणाला, नंतर. मग कॅप बसली. घरी गेल्यावर परत काढला विषय, तर म्हणाला, पेशंटसमोर मला टोकत जाऊ नकोस.”

“पेशंट मी होतो.”

“हो.”

“आणि पुरणपोळीच्या दिवशी?”

हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. “त्या दिवशी मी मीठ मागितलं,” ती म्हणाली.

सावळीरामांना राग आला. इतका आला की उठून दोन फेऱ्या माराव्या लागल्या. तीन महिने लवंग, वाफ, अळणी भाजी, हास्य क्लब, आणि पोरीला माहीत होतं. पण तिसऱ्या फेरीला पाय अडखळले. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती याच पायरीवर बसून रडली होती. म्हणाली होती की मला मोठी कामं करूच देत नाही, नुसता फोन उचलायला लावतो. आणि तेव्हा कोण बरं म्हणालं होतं, की बेटा, एका दवाखान्यात दोन डॉक्टर असले की एकाने ऐकून घ्यायचं असतं? लंकाबाई नव्हत्या म्हणाल्या. मोठ्या शहाणपणाच्या थाटात, चहाचा घोट घेत, सावळीराम आहेरच म्हणाले होते.

आता ऐकून घेणारीने ऐकून घेतलं होतं.

“मी सांगितलं होतं तुला तसं,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “गाढवपणा केला.”

“एक्स-रे मी आणते,” हर्षालीने डोळे पुसले. “आणि मीही येते. रुद्रला मीच सांगेन.”

लंकाबाईंना त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ऐकून त्या एकदम उखडल्या. “म्हणजे इतके दिवस मी लवंग कुणाला चारत होते? त्या किड्यांना?”

“जीवाणूंना,” सावळीराम म्हणाले. “मूळ गाव आतडं.”

रुद्रने बातमी टप्प्याटप्प्याने पचवली. पहिल्या दिवशी स्कॅन चुकीचा होता. दुसऱ्या दिवशी त्या बाईला पेशंट मिळत नसतील म्हणून ती लोकांचे पेशंट पळवते, असं निघालं. तिसऱ्या दिवशी त्याने दुर्बीण कुठल्या कंपनीची आहे ते विचारलं. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, निलोफरने दाढ उघडायच्या दिवशी, तो गादीच्या दुकानाचा जिना चढून वर आला. इस्त्रीचा शर्ट होता आणि चेहऱ्यावर भाषण.

सावळीराम खुर्चीत आडवे होते. निलोफरने त्यांच्या तोंडावर रबराचा हिरवा पडदा ताणून बसवला होता. थुंकीतले जीवाणू दाढेत उतरू नयेत म्हणून. पडद्यातून फक्त ती एक दाढ वर आलेली. पस्तीस मिनिटांच्या कामात असा पडदा नव्हता, बहुधा व्हिडिओत चेहरा झाकला गेला असता. आयुष्यात प्रथमच सावळीरामांजवळ जावयाला सांगण्यासारखं इतकं काही साठलं होतं, आणि नेमकं आत्ता तोंड बंद होतं.

“नमस्कार मॅडम,” रुद्र म्हणाला. “मी रेफर करणारच होतो.”

“या ना,” निलोफर म्हणाली. “हर्षाली मॅडम पाहतायत, त्यांचं झालं की पाहा.”

हर्षाली दुर्बिणीला डोळे लावून उभी होती. निलोफर आत बारीक सुईने चाचपत होती. सावळीरामांना दुखत नव्हतं, पण कळत होतं. मग कुठेतरी आत हलकंसं काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि हर्षाली पुटपुटली, “मिळाली.” पाठोपाठ वास आला. पडद्याआडूनही आला. मटणाचा डबा तीन दिवस बंद राहावा तसा.

“हा त्यांचाच,” निलोफर सावळीरामांना म्हणाली. “आता धुवायला घेऊ.”

रुद्र पुढे झाला आणि दुर्बिणीत वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

“रेअर व्हेरिएशन आहे,” तो शेवटी म्हणाला.

“हो ना,” निलोफर हातातलं काम न थांबवता म्हणाली. “दहातल्या सहा-सात जणांना असतं, इतकं रेअर.”

रुद्र सरळ झाला. काहीतरी उत्तर तोंडाशी आलेलं सावळीरामांना खालून दिसत होतं. ते त्याने गिळलं. हर्षालीकडे वळून म्हणाला, “तू मला सांगितलं होतंस.”

“हो,” हर्षाली म्हणाली.

बाकी काही नाही. तो जिना उतरून गेला तेव्हा भाषण चेहऱ्यावरून उतरलेलं होतं, आणि त्याखालचा पोरगा तसा बरा दिसत होता, असं सावळीरामांना वाटून गेलं. ती चमकणारी वस्तू जुन्या एक्स-रेवरून भरणच निघाली. सुई मोडलेली नव्हती. जावयाच्या बाजूने एवढं तरी लिहून ठेवायला हवं.

पण माणूस एका जिन्यात सुधारत नाही. संध्याकाळी इन्स्टाग्रामवर मजकूर झळकला : ‘गुंतागुंतीच्या केसमध्ये तज्ज्ञांना सोबत घेणं, हीच आमच्या लाउंजची संस्कृती.’ सोबत दुर्बिणीशेजारी उभ्या रुद्रचा फोटो. तो कधी काढला होता कोण जाणे. तासाभरात मजकूर गायब झाला. पासवर्ड हर्षालीकडे होता. पुढच्या आठवड्यात तिने काचेवरचा सासराही काढला आणि रिक्षावाल्यांना फोन करून पाठीवरचे फाडून टाकायला सांगितलं. लंकाबाईंना थोडं वाईट वाटलं. फोटोत शर्ट चांगला होता.

दोन आठवड्यांनी औषध काढून चौथी नळी भरली. पुळी बसली, ती परत उठली नाही. पण सावळीरामांनी खरी गंमत पाहिली ती त्यानंतर.

हर्षाली एके सकाळी कॉम्प्युटरसमोर बसली आणि गेल्या दोन वर्षांत लाउंजमध्ये रूट कॅनल झालेल्या सगळ्या वरच्या दाढा तिने बाजूला काढल्या. एकशे चौदा निघाल्या. मग फोन उचलला. फोन उचलणं हे तिचंच खातं होतं.

“आपल्याच हाताने दुकान बंद करायला निघालीस,” रुद्र म्हणाला. “लोक काय म्हणतील?”

“ते विचारायलाच फोन करतेय,” ती म्हणाली आणि पहिला नंबर लावला.

लोक नाना प्रकारचं म्हणाले. बहुतेकांचं ठीक होतं. एकाने विचारलं की ही पावसाळी ऑफर आहे का. एका वकिलाने आवाज चढवला, आणि मग दुखतंय हे कबूल केलं. एक बाई म्हणाल्या, माझी दाढ बरी आहे पण सासूबाईंना तपासायला आणू का? चार दिवसांत एकोणीस जण येतो म्हणाले. रुद्र त्या चार दिवसांत कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने सकाळच्या तीन अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या आणि त्या जागी या लोकांना बसवलं. ढकलताना त्याने दार जोरात लावलं, पण ढकलल्या.

सावळीराम त्या दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने तिथे होते. लंकाबाईंनी निमित्त भरपूर भरून दिलं होतं.

पहिल्या आलेल्या भागीबाई, घोटीच्या. भाताच्या गिरणीत कामाला. साठीच्या आसपास, नऊवारी नेसलेल्या, कॉफीच्या मशीनकडे संशयाने पाहत आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. रुद्रने आरसा उचलला. सवयीने खुर्चीजवळ स्टूल ओढलं. मग एक क्षण तसाच थांबला आणि आरसा हर्षालीपुढे धरला.

“तू बघ आधी,” तो म्हणाला. आवाजात गोडवा नव्हता. पण म्हणाला.

हर्षालीने पाहिलं, एक्स-रे काढला, पडद्यावर लावला. रुद्र मागे उभा राहून बघत होता. दोघांनी एकमेकांकडे न पाहताच मान हलवली.

“मावशी,” हर्षाली भागीबाईंजवळ स्टूलावर बसली. “या दाढेची एक बाजू आमच्याकडून साफ करायची राहिली. चूक आमची आहे. परत उघडावी लागेल. आम्ही उघडू, किंवा तुम्हाला हवं तर सारडा सर्कलला एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे पाठवू. पैसे तुम्ही द्यायचे नाहीत.”

भागीबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मागे उभ्या रुद्रकडे, मग दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या सावळीरामांकडे, जणू या घरातलं वडीलधारं माणूस तेच असावं.

“मंग मला वर्षभर कळ येतीय ती खरीच व्हती म्हना,” त्या म्हणाल्या.

“खरी होती,” सावळीराम म्हणाले.

भागीबाईंनी चष्मा काढला, पदराच्या टोकाला गुंडाळून कमरेला खोचला आणि खुर्चीत मागे टेकल्या.

“उघडा मंग तुमीच. लय लांबवू नका, माझी यस्टी तीनला हाय.”